तळ लागला नाही

त्या तळ्याविषयी बोलताना लोक आधी हात जोडतात आणि मग थापा मारतात. मोजणीवाल्याने हात कधी जोडले नाहीत, थापा मात्र सव्वीस वर्षं लिहून ठेवल्या, त्याही कचेरीच्या नोंदवहीत, शाईने, सुवाच्य अक्षरात. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट माणसाने हे केलं असतं तर मी सांगायला बसलोच नसतो.

त्याला सगळे मोजणीवालाच म्हणत. कचेरीच्या यादीत त्याचं काही तरी नाव असणार, पण हजेरी घेणारा कारकूनसुद्धा "मोजणीवाले, सही करा" असंच म्हणायचा. वेगळ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण. ती त्याला धाकट्या म्हणायची. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ताई बारा वर्षांची. वडील दिवसभर पाण्यावर. ताईनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, मारामारी करून आला की आधी त्याला बडवलं आणि मग दुसऱ्या पोराच्या दारात जाऊन त्याच्या आईशी भांडली. पुढे त्याचं लग्न जमलं नाही, म्हणजे त्यानेच जमू दिलं नाही. आपलं म्हणावं असं माणूस त्याला जगात तेवढंच. पुढे जे काही झालं ते तिच्यापायी झालं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

तळं गोड्या पाण्याचं, चांगलं अकरा मैल लांब, आणि आकार पायताणाच्या तळव्यासारखा. टाच उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, खोल आणि काळीभोर. चवडा दक्षिणेला, सपाट, उथळ. तिथे अर्धा मैल आत चालत गेलं तरी मांडीच्या वर पाणी येत नाही. तीन ओढे डोंगरातून टाचेत उतरतात, एक नदी पश्चिमेच्या कुशीतून बाहेर पडते. पाणी सगळं टाचेत आणि मासे सगळे चवड्यात, असा तिथला हिशोब. चवड्यातल्या लव्हाळ्यांत मासे अंडी घालतात, आणि त्या काठावरची दोन-तीनशे घरं त्याच्यावर जगतात. टाचेत पाणी पुरुषभर उतरलं तर तिथल्या माणसांना चार पायऱ्या जास्त उतराव्या लागतील. चवड्यात तेवढं उतरलं तर नुसता चिखल उरेल. ताईचं घर चवड्यावर होतं.

टाचेच्या मधोमध एक खडक आहे आणि त्या खडकावर मठ. पण मठ आत्ताचा. खडकावर सगळ्यात आधी आले मासे धरणारे. त्यांनी एक उभा दगड रोवला आणि त्याला पाण्याची आई म्हणायला लागले. ही आई खडकाशेजारच्या डोहात राहते आणि डोहाला तळ नाही, असं त्यांचं म्हणणं. काही शतकांनी डोंगरापलीकडून हत्यारबंद लोक आले. त्यांनी तो दगड पाण्यात लोटून दिला आणि एक गोल प्रार्थनाघर बांधलं. त्यांच्या देवाला रूप नव्हतं, आई नव्हती, पण बिनतळाचा डोह त्यालाही आवडला. तेही गेले, म्हणजे घालवले गेले. मग एक साधू खडकावर येऊन बसला, बारा वर्षं बसून एका सकाळी सरळ डोहात चालत गेला, आणि वर आला नाही. देह सापडला नाही याचाच अर्थ तळ नाही, असं शिष्यांनी ठरवलं आणि गोल प्रार्थनाघराच्याच दगडांत चौकोनी मठ उभा केला. तिन्ही धर्मांनी एकमेकांची तोंडं फोडली, एकमेकांचे देव बुडवले, पण डोहाला तळ नाही यावर तिघांचं एकमत. आणखी एका गोष्टीवर होतं. डोहाची खोली जो तोंडाने बोलेल त्याच्यापायी पाणी निघून जाईल, ही धमकी पहिल्यांनी दुसऱ्यांना दिली आणि दुसऱ्यांनी तिसऱ्यांना, अगदी शब्दाला शब्द तशी.

कचेरीला तळं मोजावंसं वाटलं ते मोजणीवाल्याच्या वडिलांच्या काळात. शहाण्णव जागा ठरल्या, दरवर्षी पाणी सगळ्यात कमी असेल त्या दिवसांत प्रत्येक जागी दोरी सोडायची आणि खोली लिहायची. मठाने आडकाठी केली. शहाण्णवातल्या बारा जागा खडकाभोवतीच्या डोहात येत होत्या. महिनाभर कागद इकडून तिकडे गेले आणि मग कचेरीतल्या लोकांना जमते तशी तडजोड झाली. बारा जागी परक्याची नाव जाणार नाही. मठाच्या नावेतून, मठाला चालेल असाच मोजणीवाला जाईल, साठ वाव दोरी सोडेल आणि वहीत लिहील, "साठ वाव. तळ लागला नाही." दोन्ही हात पसरले की एक वाव होतो, साठ वाव म्हणजे केवढी दोरी ते तुम्हीच बघा. कचेरीला वही भरलेली हवी होती आणि मठाला डोह बिनतळाचा. दोघांचंही काम झालं.

वडिलांनी त्याला पहिल्यांदा बरोबर नेलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. दोरीला दर वावाला चामड्याची पट्टी बांधलेली, टोकाला शिशाचं वजन, आणि वजनाच्या बुडाला एक खळगा. त्या खळग्यात ग्रीस भरायचं. वजन तळाला टेकलं की ग्रीसला गाळ चिकटतो, वाळू असेल तर वाळू, शिंपले असतील तर शिंपले. म्हणजे तळ लागला याची साक्ष दोरीबरोबर वर येते. चौऱ्याऐंशी जागी वडिलांनी त्याला ती साक्ष बघायला शिकवलं. उरलेल्या बारा जागी फडका पुढे केला. वजन वर आलं, बुडाला करडा, मऊ गाळ चिकटलेला. वडिलांनी एक अक्षर न बोलता तो पुसला, फडका पाण्यात खळबळला आणि वही उघडली.

"मोजलंस का रे?" त्यांनी विचारलं. समोर बसलेला मठाचा माणूस दुसरीकडे बघत होता.

"मुद्दाम नाही मोजलं. हात आपोआप मोजतात."

"मग हातांना सांग."

हातांनी अठरा मोजले होते. पुढच्या वर्षापासून तो एकटा जायला लागला आणि हातांना सांगूनही हात ऐकेनात. अठराचे सतरा झाले, सतराचे सोळा. डोंगरावरची झाडं तुटून उतरत होती आणि त्यांच्यामागून माती उतरत होती. दरवर्षी तो बारा वेळा गाळ पुसायचा आणि बारा वेळा लिहायचा, "साठ वाव. तळ लागला नाही." सुरुवातीला लाज वाटायची. मग सवय झाली. काही वर्षांनी तर त्या बारा ओळी तो घरूनच लिहून न्यायला लागला, नाव हलली की अक्षर बिघडतं म्हणून. लबाडी नीटनेटकी असावी, एवढा तो कामाला पक्का होता.

दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी तो पहिल्या बसने ताईकडे जायचा. पत्र्याच्या छपराचं तीन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर जाळ्यांचा ढीग आणि ढिगात बसून सुतळी ओढणारे भाऊजी. भाऊजी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचे, त्यांतली चार जाळ्याला उद्देशून असायची. ताई बाकीचं सगळं बोलायची. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मठाचं एक धुरकटलेलं चित्र होतं आणि त्याखालून जाताना ती मान लववायची. तो चित्राकडे बघायचं टाळायचा. "देवाचं एवढं जवळ काम करतोस आणि देवाकडे पाठ!" ती म्हणायची आणि त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढायची. हा टोमणा त्याने कितीदा ऐकला असेल, आणि प्रत्येक वेळी तो खाली मान घालून जेवला.

एका वर्षी कचेरीच्या मुख्य शाखेतून त्याला पत्र आलं. बारा जागांच्या नोंदी इतकी वर्षं जशाच्या तशा आहेत, त्या बरोबर आहेत का ते कळवावं. दोन ओळींचं पत्र. कुठल्याशा हुशार माणसाला कुठेतरी खटकलं असणार. मोजणीवाल्याने ते पत्र तीन दिवस खिशात बाळगलं. खरं लिहिलं तर मठ नावेत पाऊल ठेवू देणार नाही, वडिलांच्या वह्या खोट्या ठरतील, नोकरी जाईल. आणि कुणाचं काय बिघडतंय? पाणी आहे तिथेच आहे, वहीत किती आहे याने त्याला काय फरक पडतो? चौथ्या दिवशी त्याने उत्तर लिहिलं, "नोंदी बरोबर आहेत." त्या पत्रामागे काय आहे हे विचारायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तर कदाचित ही गोष्ट वेगळी झाली असती, पण ते कदाचित जाऊ द्या.

पत्रामागे पंपघर होतं. साठ मैलांवरच्या शहराला पाणी हवं होतं. किती उपसायचं याचा कचेरीचा ठरलेला नियम, तळ्यात एकूण जेवढं पाणी असेल त्याचा अमुक एक हिस्सा दरवर्षी. एकूण पाणी कुठून काढलं, तर मोजणीवाल्याच्या वहीतून. बारा जागा, प्रत्येकी साठ वाव. वर्तमानपत्रात योजना छापून आली तेव्हा ताईने त्याला बस थांब्यावरच गाठलं.

"धाकट्या, हे वाचलंस? आमच्या इकडचं पाणी जाईल म्हणतात. तू तळं ओळखतोस. काय होईल आमचं?"

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो म्हणजे? ह्यांनी काल जाळं हातात घेतलं नाही. नुसते बसून होते. खरं काय ते सांग."

त्याने त्याच दिवशी कचेरीच्या मागच्या खोलीत कागद घेऊन हिशोब मांडला. एकदा वहीतल्या आकड्यांनी आणि एकदा हातांनी मोजलेल्या आकड्यांनी. डोह आता तेरा वावांवर आला होता. वहीतलं पाणी खऱ्या पाण्याच्या दुपटीहून जास्त भरलं. याचा अर्थ तळ्याला झेपेल त्याच्या दुप्पट उपसा ठरला होता. ओढे तेवढं भरून काढू शकणार नव्हते. त्याने तीनदा गुणाकार तपासला आणि तिन्हीदा उत्तर तेच आलं, तीन ते चार वर्षांत चवडा कोरडा. सव्वीस वर्षं ज्या गाळावरून तो फडका फिरवत होता तो ताईच्या ओट्यापर्यंत आला होता.

आधी तो मठात गेला. मठाच्या प्रमुखांना सगळे थोरले म्हणत. ऐंशीला टेकलेले, गुडघ्यांनी बेजार, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लोखंडी कपाट आणि कागदांच्या चळतींमध्ये ते एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखे बसायचे. मोजणीवाल्याने जे होतं ते सांगून टाकलं. थोरले ऐकत राहिले, मग भिंतीला धरत उठले आणि त्याला तळघरात घेऊन गेले. तिथे फरशीतला एक दगड सैल होता. त्यांनी तो त्याला उलटायला लावला. मागच्या बाजूला ओळीने आडव्या रेघा कोरल्या होत्या, आणि शेवटी डोहाची गोल खूण.

"मोज," थोरले म्हणाले.

रेघा तीस होत्या.

"प्रार्थनाघरवाल्यांच्या मोजणीवाल्याने कोरलंय. बांधकामाच्या आधी मोजलं असणार. मग बांधणाऱ्यांनी दगड पालथा घातला, आणि आमच्यांनी आणून पालथाच बसवला. फरशी दुरुस्त करताना मला सापडला, तेव्हा मी तिशीतला होतो. मीही पालथाच ठेवला. आता किती आहे?"

"तेरा."

थोरल्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आणखी दहा वर्षांनी आला असतास तर मी सुटलो असतो."

"मला खरं सांगायचंय सुनावणीत. माझी बहीण चवड्यावर राहते."

"ठाऊक आहे. ती टाचेवर राहत असती तर आला असतास?"

माणसाला खरं बोलायचं असतं तेव्हा त्याला असा प्रश्न विचारू नये, असं मला वाटतं. पण थोरल्यांनी विचारला, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

"लोक इथे तळाला हात जोडायला येत नाहीत रे," थोरले म्हणाले. "सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही आणि तुझ्या बाजूने उभाही राहणार नाही. मठात चाळीस माणसं जेवतात. तो दगड होता तसा ठेव."

त्याने दगड पालथा घातला.

सुनावणी कचेरीच्या वरच्या मजल्यावर झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, त्यांतला एक नुसताच आवाज करणारा. भिंतीवर तळ्याचा मोठा नकाशा लावला होता. उथळ भाग फिकट निळा, खोल भाग गडद, आणि खडकाभोवती जवळजवळ काळा. मोजणीवाला त्या काळ्या रंगाकडे बघत राहिला. हे आपलंच काम, आपणच रंगवलंय. तिसऱ्या रांगेत चवड्यावरच्या बायका ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या आणि त्यांत ताई होती. त्याला बघून तिने मान हलवली. मठाची माणसं भिंतीला टेकून उभी होती.

योजनेचे साहेब तरुण होते, शांत बोलणारे. त्यांचा काही वाईट हेतू होता असं कुणी म्हणू नये. शहरातल्या नळांना दोन दिवसांआड पाणी येत होतं आणि ही आबाळ थांबवायला निघालेला हा माणूस होता. कुणाला काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं आणि मोजणीवाला उभा राहिला.

"डोहाला तळ आहे," तो म्हणाला. "तेरा वावांवर. बाराही जागी. वहीतलं चूक आहे."

भिंतीपाशी कुणीतरी मोठ्याने शिवी हासडली. ताईने तोंडावर हात ठेवला. आपली बहीण आपल्या धाडसाने हेलावली, असं त्याला वाटलं, आणि त्याला जोर आला. त्याने ग्रीसचं सांगितलं, गाळाचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं. आयुष्यात एवढं सलग तो कधी बोलला नव्हता.

साहेबांनी शांतपणे वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"आणि हे?"

"तेही माझंच."

"सव्वीस वर्षांत तीनशे बारा नोंदी. प्रत्येक नोंदीखाली तुमची सही." त्यांनी एक कागद वर धरला. "आणि हे तुमचं पत्र. 'नोंदी बरोबर आहेत.' आम्ही मुद्दाम विचारलं होतं. मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते वडिलांपासून सुरू करावं लागलं असतं, आणि वडिलांच्याही आधीपासून. तो म्हणाला, "तशीच पद्धत होती."

कुणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, "बहिणीचं घर चवड्यावर आहे त्याचं! विचारा, आहे की नाही!" साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान डोलावली. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, गणित सुटल्यावर येतो तसा.

"उद्या चला माझ्याबरोबर," मोजणीवाला म्हणाला. "मी दोरी सोडतो, तुम्ही बघा. हवं तर तुम्हीच सोडा."

साहेबांनी मठाच्या माणसांकडे बघितलं. त्यांनी माना हलवल्या, नाही म्हणून. परक्याची नाव डोहात जाणार नाही, तसा करार आहे. थोरले आले नव्हते. करार कचेरीनेच केलेला असल्याने कचेरीने तो पाळला. एका माणसाच्या तोंडी बोलण्यावर तीनशे बारा लेखी नोंदी रद्द करता येत नाहीत, असं साहेब म्हणाले, आणि ते नियमाला धरून होतं. स्वतःच्याच अक्षराने तोंडघशी पडलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुढचं भराभर झालं. मोजणीवाल्याला आधी निलंबित केलं, मग काढून टाकलं. कचेरीची खोली गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माळ्यासारखी एक खोली मिळाली, तिथे तो राहायला गेला आणि खाली बसून चाकांचे आरे ताणायला लागला. पंपघर सुरू झालं. पहिल्या उन्हाळ्यात चवड्यातले लव्हाळे पाण्याबाहेर उघडे पडले. दुसऱ्या उन्हाळ्यात नावा चिखलात रुतून बसल्या आणि तिथेच तडकल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात ताईच्या ओट्यावरून पाणी दिसेनासं झालं. भाऊजींनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि ते शहरात एका गोदामावर पहारेकरी म्हणून गेले, त्याच शहरात, जिथल्या नळांना आता रोज पाणी येत होतं. तिथे एका खोलीत आठ माणसं, बाईमाणसाला जागा नाही. ताई दोन ट्रंका घेऊन धाकट्याकडे आली.

टाचेवर मात्र बरकत होती. थोरले वारले आणि नव्या प्रमुखांनी पाण्यापर्यंत नव्या पायऱ्या बांधल्या. डोहाची खोली कुणीतरी पाप्याने बोलून दाखवली म्हणून तळं रुसलंय, असं ते रोज प्रवचनात सांगायचे. रुसलेलं तळं बघायला पूर्वीच्या दुप्पट माणसं यायला लागली. आकडा एकदा फुटलाच होता, तेव्हा आता लपवायचं काही नाही म्हणून त्यांनी कचेरीच्या यंत्राच्या नावेलाही परवानगी दिली. यंत्राने बारा जागा मोजल्या. पाण्याची घटलेली पातळी धरून हिशोब केला तर मूळ खोली तेराच वाव येत होती. अहवालात लिहिलं होतं की अलीकडे साचलेल्या गाळामुळे खोली अनपेक्षितपणे कमी झाली आहे. मोजणीवाल्याचा उल्लेख कुठेही नव्हता. उपसा कमी करावा अशी एक शिफारस शेवटच्या पानावर होती, आणि पंपघर तिच्याकडे कानाडोळा करून चालूच होतं.

ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली. मोजणीवाला दुपारी जेवायला वर आला तो वर्तमानपत्र हातात धरूनच. ताई खिडकीपाशी बसून पालेभाजी निवडत होती.

"ताई, ऐक," तो म्हणाला. "यंत्राने मोजलं. तेराच आलं. माझाच आकडा."

ताईने वर बघितलं नाही. "येणारच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू बोललास ना. मग येणारच."

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तेव्हा तळ नव्हता, धाकट्या," ती म्हणाली. तिने पिकलेलं एक पान बाजूला टाकलं. "बाबा मोजायचे तेव्हा नव्हता, तू मोजायचास तेव्हाही नव्हता. वहीत होतं ते खरंच होतं. तू त्या सभेत आकडा बोललास आणि तळ आला. पाणी तिथून निघालं ते निघालंच."

"अगं, पंप आहे तो. रात्रंदिवस उपसतोय."

"पंप कुठे नसतात?" ती म्हणाली. "मी कुणाला सांगत नाही हो. जावा, नणंदा, सगळ्यांनी विचारलं, तुझाच भाऊ ना तो? मी म्हटलं, आहे. पुढे एक शब्द नाही काढला. माझ्यासाठी बोललास, कळतं मला. सगळ्यांसमोर स्वतःला खोटारडं म्हणवून घेतलंस, तेही माझ्यासाठीच. एवढं कुणी करत नाही. पण बोलायला नको होतंस रे."

त्याच्याकडे सगळं तयार होतं. अठरा वाव, मग सतरा, मग सोळा. पुसलेला गाळ. तीन दिवस खिशात ठेवलेलं पत्र. पहिल्याच वर्षी त्याने अठरा लिहिलं असतं तर पंप निम्म्याने छोटा झाला असता, आणि ती आज स्वतःच्या ओट्यावर बसून भाजी निवडत असती. त्याने तोंड उघडलं. ताई भाजी निवडत होती. तीन वर्षं तिने ही गोष्ट मनात धरली होती आणि मनातच त्याला माफ करून टाकलं होतं. ती माफी बोलण्याची होती. न बोलण्याची मागायची तर आधी तिला पटवून द्यावं लागणार होतं की तिने वाढवलेलं पोर सव्वीस वर्षं खरोखरच खोटं लिहीत होतं, आणि ते ऐकल्यावर ती माफ करील याचा त्याला भरवसा नव्हता.

"चुकलंच माझं, ताई," तो म्हणाला.

"जाऊ दे आता," ताई म्हणाली, आणि निवडलेली भाजी त्याच्यापुढे सरकवली. "एवढी धुऊन आण. नळाला पाणी आहे का बघ."